भिंतीतून स्पीकरची वायर न्यायची आहे, वायरमन लाइटच्याच पाइपमधून टाकू म्हणतोय

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. मिरजेत ब्राह्मणपुरीत आमचं घर आहे, बाबांनी १९७८ साली बांधलेलं. सध्या हॉलचं काम काढलंय. पोपडे धरलेला जुना गिलावा पाडून नवा करायचा, वायरिंग बदलायचं, मग रंग. शुक्रवारपासून झिऱ्या (पाइप बसवायला भिंतीत लांब खाचा) मारायला घेणार आहेत, म्हणून जरा घाईनं विचारतेय.

बाबा ७९ वर्षांचे आहेत. पहाटे साडेपाचला उठून गाणं लावायचं हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. ॲम्प्लिफायर उजव्या कोपऱ्यातल्या भिंतीतल्या कपाटात आहे आणि दोन बुकशेल्फ स्पीकर माजघराच्या दाराच्या दोन बाजूंना स्टँडवर. डाव्या स्पीकरची वायर इतकी वर्षं दारातूनच जमिनीवरून जायची, वर पायपुसणं टाकलेलं असायचं. मे महिन्यात पहाटेच्या अंधारात त्या वायरीत पाय अडकून बाबा पडले. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या दिवशीच ठरवलं की या घरात जमिनीवर एकही वायर दिसता कामा नये.

हॉल १८ बाय १२ फूट, उंची १० फूट. ज्या भिंतीला स्पीकर आहेत ती १२ फुटांची, साडेचार इंची विटांची. वायरमन म्हणतो:

"ताई, लाइटचा पाइप त्याच भिंतीतून जाणार आहे, त्यातूनच स्पीकरची वायर ओढून देतो. दोन्ही बाजूंना टू पिन सॉकेट बसवतो, स्पीकरला पिन लावली की झालं."

वायर त्यानं आणूनही ठेवली आहे, लाल-काळी जोडवायर, २३/७६ लिहिलंय. मला विजेतलं फार कळत नाही, पण एकाच पाइपमधून हे बरं वाटेना. शिवाय दुकानात सांगितलं की दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर आवाज मागेपुढे होतो. आमच्याकडे एक तीन मीटर आणि दुसरी नऊ-दहा मीटर होईल. मग उरलेली सहा-सात मीटर गुंडाळून भिंतीत ठेवायची का? स्पीकरवर ६ ओहम लिहिलंय.

टेस्टर२३०

ताई, मी पुण्यात बावीस वर्षं हेच काम करतोय. सगळ्यात आधी त्या टू पिन सॉकेटला नाही म्हणा. बाकी नंतर.

आमच्या धंद्यात ही सवय मांडवातून आली. पूर्वी लाउडस्पीकरवाले सगळ्या स्पीकरना टू पिनच लावायचे, कारण स्वस्त आणि कुठेही मिळणारी. गणपतीच्या मांडवात माझ्या डोळ्यांदेखत एका पोरानं स्पीकरची पिन एक्स्टेन्शन बोर्डात घातली. २३० व्होल्ट सरळ कॉइलवर. एकदाच मोठ्ठा खर्र आवाज आला, मग धूर आणि जळक्या लाखेचा वास. तिथे मांडव होता, तुमच्याकडे घर आहे. साफसफाईला स्पीकरच्या पिना काढल्या आणि परत लावताना बाजूच्या लाइटच्या सॉकेटात गेल्या, तर स्पीकर जाईलच, त्याला हात लावलेला माणूसही जाऊ शकतो. मेनच्या सॉकेटात बसेल अशी कुठलीही पिन स्पीकरच्या वायरीला लावायची नाही.

त्याऐवजी स्पीकर टर्मिनलची प्लेट घ्या. लाल-काळे फिरवून घट्ट करायचे स्क्रू असतात त्यावर, बनाना प्लगही बसतो. मॉड्युलर स्विचच्या काही कंपन्यांच्या प्लेटीत बसणारं मॉड्युल मिळतं. दाबायच्या खटक्यावालं घेऊ नका, त्यात जाड वायर शिरत नाही आणि दोन वर्षांत त्याची स्प्रिंग सैल होते. टर्मिनलचं बूड मागे बरंच लांब असतं, त्यामुळे मेटल बॉक्स खोल घ्या, निदान ५० मिमी. उथळ बॉक्समध्ये वायर मुडपून कोंबावी लागते आणि तिथेच ती तुटते.

आता पाइप. वेगळा पाइप, वेगळे बॉक्स. लाइटच्या पाइपपासून फूटभर अंतर ठेवून समांतर न्या. कुठे ओलांडावाच लागला तर काटकोनात. २५ मिमी मिडियम पाइप घ्या, १९-२० वाला नको. वळणाला एल्बो नको, लांब बेंड वापरा आणि दोन बॉक्सच्या मध्ये दोनापेक्षा जास्त बेंड येऊ देऊ नका. एल्बोमध्ये वायर ओढायची स्प्रिंग अडकते, मग वायर ओढताना पोरं जोर लावतात आणि इन्सुलेशन सोलून निघतं. ते बाहेरून दिसत नाही.

भिंत साडेचार इंची आहे म्हणताय, तर हे नीट वाचा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, म्हणजे दीड इंच. त्यात २५ चा पाइप बसतो. आडवी झिरी मात्र एक षष्ठांशाच्या वर जाऊ द्यायची नाही. साडेचार इंचाला ती पाऊण इंच होते, त्यात हा पाइप मावतच नाही. दाराच्या वरून आडवी झिरी मारली तर भिंत अर्धी कापल्यासारखी होते. तुम्ही छताला पीओपीची कॉर्निस (छत आणि भिंतीच्या कोपऱ्यातली नक्षीची पट्टी) करणार असाल तर आडवा पाइप भिंतीच्या बाहेरूनच, कॉर्निसच्या पोटातून न्या. कपाटातून सरळ वर, कॉर्निसमागून आडवा, डाव्या स्पीकरच्या मागे सरळ खाली. भिंतीत फक्त दोन उभ्या झिऱ्या. तिरकी झिरी कुणालाच मारू देऊ नका. पुढे खिळा ठोकणाऱ्याला तिथून पाइप गेलाय हे कळायचं कसं?

झिरी बुजवल्यावर वरून चिकन जाळी ठोकून मग गिलावा. नाहीतर सहा महिन्यांत पाइपच्या रेघेवर बरोबर तडा दिसतो.

काळीएक

टेस्टरभाऊंनी कामाचं सगळं सांगितलंय. मी वायरीबद्दल आणि स्पीकरमधून येणाऱ्या घुरघुरीबद्दल लिहितो, कारण या दोन गोष्टींवर मी स्वतः पैसे घालवलेत.

आधी माझी चूक. २०११ साली कोल्हापुरात घर रंगवताना मी स्पीकरची चांगली महागाची वायर थेट गिलाव्यात दाबली, पाइप न घालता. वाटलं, वायर कुठे रोज बदलायची आहे? तीन वर्षांनी घरात एक फ्रेम लावली. खिळा वायरीच्या मधून गेला आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. मला पत्ताच नाही. संध्याकाळी ॲम्प्लिफायर चालू केला, आवाज वाढवला आणि डाव्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले. नंतर सात फूट गिलावा फोडला. म्हणून कळकळीनं सांगतो, पाइप गाडा, वायर गाडू नका. वायर कधीही ओढून काढता आली पाहिजे. वायर टाकून झाल्यावर पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवा, दोन्ही टोकं बॉक्समध्ये गाठ मारून. उद्या आणखी काही ओढायचं झालं तर ती दोरी सोन्याच्या मोलाची.

२३/७६ म्हणजे २३ बारीक तारा, प्रत्येक ०.००७६ इंचाची. सगळ्या मिळून तांब्याचं क्षेत्रफळ जेमतेम ०.६७ चौरस मिमी. तुमच्या दहा मीटरला जाऊन-येऊन २० मीटर तार होते, तिचा रोध साधारण अर्धा ओहम. ६ ओहमच्या स्पीकरपुढे हा फार झाला. रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा असा साधा नियम आहे, म्हणजे तुमच्याकडे ०.३ ओहम. ४०/७६ घेतली तर ०.२९ होतो, अगदी काठावर. २.५ चौरस मिमी घेतली की ०.१४ वर येतो आणि विषय संपतो. त्याहून जाड घेऊन कानाला काही मिळत नाही.

वायर स्पीकरची म्हणून वेगळी घ्यायची गरज नाही. घरात वापरतात ती २.५ ची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर उत्तम. फक्त रंग असे घ्या जे तुमच्या लाइटच्या वायरिंगमध्ये कुठेच नाहीत, उदाहरणार्थ पांढरा आणि करडा. पंधरा वर्षांनी दुसरा कुणी वायरमन बॉक्स उघडेल तेव्हा लाल-काळी जोडी बघून तो ती लाइटचीच समजेल.

दोन्ही वायरी एकमेकींत पिळून घ्या. पद्धत सोपी आहे. दोन्हींची एक टोकं खिडकीच्या गजाला बांधा, दुसरी टोकं ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरा आणि वायर ताणून ठेवत अगदी सावकाश फिरवा. दर दोन-तीन इंचाला एक पीळ पुरे. पिळल्यावर लांबी घटते, त्यामुळे दहा मीटरला अकरा कापा.

खरेदी करताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम आहे, तांब्याच्या दोन तृतीयांशाएवढीच वाहकता. टर्मिनलखाली ते दबून सैलही होतं. उलट वरून चंदेरी आणि आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते बिनधास्त घ्या.

लांबी सारखी हवी हे डोक्यातून काढून टाका. तीन मीटर आणि दहा मीटर यांतला फरक ०.१ ओहमचा. आवाजात तो ०.२ डेसिबलहूनही कमी, कुणाच्याच कानाला कळत नाही. मागेपुढे होण्याचं म्हणाल तर वायरीतून सिग्नल इतक्या वेगानं जातो की सात मीटरचा हिशोबच नको. भिंतीत वेटोळं ठेवू नका.

आता टेस्टरभाऊंच्या बोलण्यात एक भर. फूटभर अंतर ठेवा म्हटलंय ते बरोबर, पण त्याचं पहिलं कारण सुरक्षितता आहे, घुरघुर नव्हे. एकाच पाइपमध्ये मेनची वायर कुठे सोलली गेली तर २३० व्होल्ट स्पीकरच्या वायरीतून थेट ॲम्प्लिफायरच्या डब्यावर येऊ शकतात. घुरघुर म्हणाल तर स्पीकरच्या वायरीत ती सहसा शिरत नाही, कारण तिथे सिग्नल व्होल्टमध्ये असतो. ती शिरते ॲम्प्लिफायरच्या आधी. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट असतो. ती वायर भिंतीतून कधीही नेऊ नका, प्लेअर ॲम्प्लिफायरच्या शेजारीच ठेवा. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून चालवा, म्हणजे अर्थिंगचे दोन वेगळे रस्ते होत नाहीत.

बाबा तानपुऱ्यासकट गाणं ऐकतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायरमधून येणारी घुरघुर बऱ्याचदा तिच्या दुप्पट, १०० वर असते. गायकाचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ, आणि त्याचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, १०४. म्हणजे घुरघुर पंचमाच्या बरोबर खाली, चार हर्ट्झ उतरलेली. तानपुऱ्याच्या पंचमाखाली एक बेसूर पंचम सतत वाजत राहतो, सेकंदाला चार हेलकावे. दुसऱ्या कुठल्या संगीतात ही घुरघुर खपून जाईल, तानपुऱ्याखाली नाही. जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची झंकारणारी आस, ऐकणाऱ्या कानाला ती खड्यासारखी लागते.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. एकच मुद्दा, उंचीबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या हॉलमध्ये कमरेएवढं होतं. जमिनीपासून फुटावर लावलेली सगळी सॉकेटं गेली. पण त्याहून त्रासदायक म्हणजे जमिनीतून गेलेले पाइप गाळानं भरले आणि सुकल्यावर आत मातीची कांडी तयार झाली. एकही वायर हलेना. शेवटी ते पाइप तसेच सोडून नवीन टाकावे लागले.

ब्राह्मणपुरीत पाणी येत नसेल तर प्रश्न नाही. पण नदीकाठचं कुणी हे वाचत असेल तर पाइप वरूनच आणा आणि प्लेट चार फुटांवर घ्या. खालून आणलेला पाइप पुरात विहीर होतो.

भिंतीपलीकडे

ताईंचं घर विटांचं आहे म्हणून हे सगळं शक्य आहे. आम्ही पिंपळे सौदागरला नवीन इमारतीत राहतो, मायवान पद्धतीची. तिथे भिंती विटांच्या नाहीतच, सगळं सळईसकट ओतलेलं काँक्रीट. भिंत हीच इमारतीचा खांब. तिच्यात झिरी मारायची नाही, सळई तर अजिबात कापायची नाही. असल्या घरात राहणाऱ्यांनी केसिंग पट्टीच वापरावी. आम्ही स्कर्टिंगच्या वर पांढरी पट्टी नेली आणि दाराच्या चौकटीला धरून वर घेऊन पलीकडे उतरवली. भिंतीचाच रंग मारल्यावर पाहुण्यांना दाखवावी लागते, इतकी मिसळून गेली आहे.

मिरजकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काम संपलं, आज लिहितेय.

वायरमनला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. टू पिनवर तो आधी हसला, मग मांडवाचा प्रसंग ऐकून गप्प झाला. म्हणाला, "आमच्या गल्लीत पण असंच झालेलं." वेगळा २५ चा पाइप टाकला, कॉर्निसच्या पोटातून. भिंतीत दोनच उभ्या झिऱ्या. गिलाव्याआधी झिऱ्यांशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढलेत आणि त्यांच्या प्रती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवल्यात. पांढरी आणि करडी वायर खिडकीच्या गजाला बांधून मी स्वतः ड्रिलनं पिळली. पहिल्यांदा जोरात फिरवली तर वायर गजापाशी गुंता होऊन बसली, दुसऱ्यांदा सावकाश जमली. बाबा मधोमध उभे राहून हातानं पीळ सारखा करत होते. तानपुऱ्याच्या जवारीचं सूत सरकवतात तसं बोटांनी चाचपून म्हणाले, "इथं सैल आहे, इथं घट्ट आहे."

पण एक गोष्ट बिघडली आहे. सगळं जोडल्यावर आवाज येतो, दोन्ही स्पीकर वाजतात, घुरघुर अजिबात नाही. तरी गाणं पोकळ वाटतंय. बाबा म्हणतात, "गाणारा समोर बसलेला नाही, तो भिंतीभर पसरलाय." तबल्याच्या डग्ग्याला वजनच नाही. वायर जाड घेतली म्हणून का?

काळीएक

बाबांचं वर्णन इतकं अचूक आहे की तपासण्याआधीच सांगतो, एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात. एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोन्ही कडून समान येणारा आवाज, म्हणजे मधोमध बसलेला गायक आणि खालचे स्वर, एकमेकांना खाऊन टाकतात.

ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या स्पीकरच्या वायरी काढा. घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल घ्या. लाल टर्मिनलच्या वायरीला सेलचं अधिक टोक, काळ्याच्या वायरीला उणे, क्षणभरच टेकवा. दुसऱ्या कुणाला तरी स्पीकरची जाळी काढून मोठ्या पडद्याकडे बघायला सांगा. टक् असा आवाज येऊन पडदा बाहेर आला पाहिजे. आत गेला तर त्या बाजूला कुठेतरी उलटं झालंय. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवा आणि काढा.

टेस्टर२३०

बहुतेक भिंतीच्या प्लेटमागे उलटं झालं असेल. पोरं पांढरी वायर काळ्या टर्मिनलला लावतात, कारण पांढरी म्हणजे कुठली हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सरळ केल्यावर दोन्ही बॉक्सच्या आत मार्करनं लिहून टाका, पांढरी = लाल. आणि वायर परत लावण्याआधी मल्टिमीटरनं ॲम्प्लिफायरच्या टोकाला ओहम बघा. ६ ओहमचा स्पीकर साधारण ५ च्या आसपास दाखवतो. शून्याजवळ आला तर ॲम्प्लिफायर जोडायचा नाही, कुठेतरी तारा टेकल्यात. काहीच आलं नाही तर कुठेतरी तुटलंय.

मिरजकरीण

सापडलं. उजव्याचा पडदा टक् करून बाहेर आला, डाव्याचा आत गेला. बाबा टॉर्च घेऊन पडद्यासमोर पाटावर बसले होते, त्यांनीच ओळखलं. डाव्या प्लेटच्या मागे पांढरी वायर काळ्या टर्मिनलला होती, अगदी टेस्टरदादा म्हणाले तसंच. बदलली, आत लिहून ठेवलं. मल्टिमीटर शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून आणला, उजवीकडे ५.१ आणि डावीकडे ५.२ आले.

मग गाणं लावलं. बाबा नेहमीच्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटून दाराकडे बोट केलं. गाणारा बरोबर दाराच्या मधोमध बसला होता. नंतर त्यांनी आवाज इतका कमी केला की मला स्वयंपाकघरातून काहीच ऐकू येईना, आणि तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या मोजून दाखवल्या.

आज पहाटे ते दिवा न लावता माजघराच्या दारातून हॉलमध्ये गेले. मी जागी होते, पावलांचा आवाज ऐकत पडले होते.

शेवटचं एक विचारायचं राहिलं. नायलॉनची दोरी पाइपमध्ये सोडली आहे, पण कपाटाकडचं तोंड उघडंच आहे. पावसाळ्यात त्यातून झुरळं येतील का? पुट्टीनं बंद करू की कापसाचा बोळा पुरेल?

टेस्टर२३०

पुट्टी नको, दोरी अडकेल. स्पंजचा तुकडा कापून वायरीभोवती घट्ट बसवा आणि दोरीचं टोक बाहेर राहू द्या. कापूस ओल धरतो.